पत्रा किती उरला? घरच्या चौकात स्कूटरचा गंज काढणे आणि रंग देणे

गंज कसा चढतो हे तुम्ही बारावीच्या रसायनशास्त्रात शिकलात. पातळ पट्टी भाराखाली किती वाकते हे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या तासाला शिकलात. या पाठात दोन्ही गोष्टी एकाच पत्र्यावर एकत्र आणायच्या आहेत. जुन्या स्कूटरचा गंज काढून तिला घरीच रंग देणे हे आपले काम. पाठ संपल्यावर तुम्हाला तीन गोष्टी जमल्या पाहिजेत: गंज कुठे आणि का चढला हे ओळखणे, पत्रा वाचवायचा की कापायचा हे मोजून ठरवणे, आणि रंगाचे थर योग्य क्रमाने व सुरक्षितपणे देणे.

१. आपले उदाहरण

वाराणसीत पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला दूधविनायक हा मोहल्ला आहे. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या भागात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. माझे माहेर त्यांपैकीच एक. इथल्या गल्ल्यांत मोटार शिरत नाही, स्कूटर कशीबशी शिरते. त्यामुळे 'घरचे गॅरेज' म्हणजे डेवढी, नाहीतर घराचा मधला चौक. चौकात तुळस असते, एका बाजूला स्वयंपाकघर असते, आणि जुन्या विटांच्या भिंतीला लोणा लागलेला असतो. हे वर्णन लक्षात ठेवा, पुढे त्यातली प्रत्येक गोष्ट उपयोगी पडणार आहे.

या चौकात बाबांची बजाज चेतक वर्षानुवर्षे उभी असे. एका दिवाळीच्या सुट्टीत मी तिला 'नवी' केली. पायाजवळच्या फूटबोर्डावर रंगाचे फुगे आले होते. मी वायर ब्रश फिरवला, खड्ड्यांत लांबी भरली, पॉलिश पेपर मारला आणि रंग दिला. शेजारच्या काकांनी कौतुक केले, "अगदी शोरूममधून आणल्यासारखी!" दोन पावसाळे गेले. मग एके दिवशी बाबांनी मागचा ब्रेक दाबला तेव्हा पेडलसकट पायाखालचा पत्राच खाली लवला. स्कूटर गल्लीत होती, वेग कमी होता, म्हणून कोणाला काही झाले नाही. उचकटून पाहिले तर माझ्या लांबीच्या खाली पत्रा नव्हताच, तपकिरी भुगा होता.

मी मशीन डिझाइन शिकवते. तरीही मी एकच प्रश्न विचारायला विसरले होते: पत्रा किती उरला आहे? हा पाठ त्या प्रश्नाभोवती आहे.

२. स्कूटरचा पत्रा म्हणजे तिचा सांगाडा

मोटरसायकलला नळ्यांची चौकट असते. तिचे मडगार्ड कुजले तर दिसायला वाईट, पण चौकट शाबूत राहते. चेतकचे तसे नाही. तिचा वंश इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या व्हेस्पाकडे जातो. १९४६ साली बाजारात आलेली व्हेस्पा कोर्रादिनो दास्कानिओ या विमान अभियंत्याने रेखली होती. विमानाच्या धडाप्रमाणे त्याने वेगळी चौकट ठेवलीच नाही. दाबून आकार दिलेला पोलादी पत्रा हाच सांगाडा आणि हेच कवच, अशी ती रचना. तिला मोनोकॉक म्हणतात. बजाजने १९६० पासून पियाजिओच्या परवान्याखाली स्कूटर बनवल्या, आणि परवान्याचा करार संपल्यावर १९७२ मध्ये पुण्याजवळच्या आकुर्डीतून चेतक बाहेर आली. कानपूरच्या एलएमएलच्या जुन्या स्कूटरही याच घराण्यातल्या.

याचा अर्थ असा की पुढचे लेगशील्ड, फूटबोर्ड आणि सीटखालचा भाग हे सगळे मिळून भार वाहतात. फूटबोर्डावर उजवीकडे मागच्या ब्रेकचे पेडल बसवलेले असते आणि खालच्या बाजूला मधला स्टँड. तुम्ही ब्रेकवर जो जोर देता त्याची प्रतिक्रिया हाच पत्रा झेलतो. तो कुजला तर ब्रेकची केबल कितीही नवी असो, पेडल जागेवर राहणार नाही. म्हणून मोनोकॉक वाहनातला गंज हा रंगाऱ्याचा विषय नंतर होतो, आधी तो ताकदीचा विषय असतो.

३. गंज नेमका तिथेच का चढतो?

गंज ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे. पत्र्याच्या एका जागी लोह इलेक्ट्रॉन सोडून आयनरूपात पाण्यात उतरते, ही ॲनोडची जागा. दुसऱ्या जागी हवेतला ऑक्सिजन आणि पाणी ते इलेक्ट्रॉन घेऊन हायड्रॉक्साइड आयन बनवतात, ही कॅथोडची जागा. पत्रा स्वतः तारेचे काम करतो आणि पाण्याचा पातळ थर इलेक्ट्रोलाइटचे. पाण्यात मीठ असेल तर विद्युतवहन वाढते आणि गंजही.

आता एक गोष्ट विद्यार्थ्यांना नेहमी उलटी वाटते. गंजाला ऑक्सिजन लागतो, मग जिथे हवा भरपूर तिथे पत्रा जास्त खाल्ला जावा. प्रत्यक्षात जिथे हवा कमी पोचते तिथे तो खाल्ला जातो. केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स यांनी पोलादावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवून हे दाखवले. थेंबाच्या कडेला ऑक्सिजन सहज मिळतो, तिथे कॅथोड तयार होतो. मध्यभागी ऑक्सिजन कमी, तिथे ॲनोड तयार होतो आणि धातू झिजतो. याला विषम वायुवीजन म्हणतात. मिठाच्या पाण्यात थोडे फिनॉल्फ्थॅलीन आणि पोटॅशियम फेरिसायनाइड मिसळून तुम्हीही हा प्रयोग करू शकता: कॅथोडपाशी गुलाबी रंग येतो, ॲनोडपाशी निळा.

हा थेंब आता स्कूटरवर बसवा.

फूटबोर्डावर ॲल्युमिनियमच्या पन्हाळीत बसवलेल्या रबरी पट्ट्या असतात. त्यांच्याखाली पाणी शिरते, हवा शिरत नाही. अनेकांना वाटते की ॲल्युमिनियम आणि लोखंड एकत्र आल्यामुळे लोखंड गंजते. पण या जोडीत ॲल्युमिनियम अधिक क्रियाशील आहे, झिजायचे तर त्याने आधी झिजायला हवे. खरा दोष फटीत अडकलेल्या पाण्याचा आणि रिव्हेटसाठी पाडलेल्या, कडेला रंग नसलेल्या भोकांचा आहे.

फूटबोर्डाच्या खालच्या बाजूला मजबुतीसाठी आडवे पत्रे असतात. त्यांच्या खाचेत चिखल भरतो. चिखल स्पंजासारखा ओल धरून ठेवतो. बाहेर ऊन असले तरी त्या खाचेत पावसाळा चालूच असतो.

आणि भिंतीचा लोणा. जुन्या विटांतून वर चढणाऱ्या ओलीबरोबर क्षार येतात आणि पांढऱ्या भुकटीच्या रूपात भिंतीबाहेर पडतात. यांतले काही क्षार हवेतली ओल स्वतःहून ओढून घेतात. आमची स्कूटर वर्षानुवर्षे त्याच भिंतीला टेकून उभी असे आणि जास्त गंज त्याच बाजूला होता. ती भिंतीपासून वीतभर दूर उभी करणे हा फुकटचा उपाय होता.

शेवटचा मुद्दा फुग्यांचा. गंजाचे घनफळ मूळ लोहाच्या दुप्पट ते सहापट असते, त्यात पाणी किती बांधले गेले आहे यावर ते अवलंबून. म्हणून रंग आतून उचलला जातो. रंगावर रुपयाएवढा फुगा दिसला तर खालचा गंज त्याहून मोठा आहे असेच धरून चाला.

४. तपासणी: दाभण, हातोडी, चुंबक

रंग विकत घेण्याआधी अर्धा दिवस तपासणीला द्या. सीट, बाजूच्या डिकी, रबरी पट्ट्या आणि शक्य तेवढे सुटे भाग काढा. पेट्रोलची टाकी काढून चौकाबाहेर, उघड्या हवेत ठेवा. प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या डबीत ठेवा आणि उघडताना फोनवर फोटो काढा. जोडताना आठवण दगा देते.

(अ) चुंबक. एक साधे चुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जिथे ओढ अचानक कमी होते तिथे खाली लांबीचा जाड थर आहे, म्हणजे आधी कोणीतरी काहीतरी झाकले आहे.

(आ) हातोडी. लहान हातोडीने हलकेच ठोका. निरोगी पत्रा टणटणीत वाजतो, कुजलेला भद्द वाजतो.

(इ) दाभण. गंजलेल्या जागी दाभण टेकवून अंगठ्याने जोर द्या. टोक आत गेले तर विषय संपला, तिथे पत्रा नाही.

(ई) मोजमाप. गंज खरवडून पत्र्याची उरलेली जाडी मोजा. भोकाच्या कडेला व्हर्निअर किंवा मायक्रोमीटर लावता येतो. तुलनेसाठी निरोगी जागेची जाडीही मोजा.

आता आकडे. समजा मूळ जाडी १.२ मि.मी. आहे आणि पेडलजवळ ०.६ मि.मी. उरली आहे. 'अर्धी उरली, म्हणजे अर्धी ताकद उरली' असे आपण सहज म्हणतो. पण फूटबोर्डाचा पत्रा वाकतो, आणि वाकण्याच्या बाबतीत दृढता जाडीच्या घनावर आणि ताकद जाडीच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणून दृढता उरली एक अष्टमांश, म्हणजे १२.५ टक्के, आणि वाकण्याची ताकद उरली एक चतुर्थांश, २५ टक्के. त्यातही गंज सारखा पसरत नाही, तो खड्डे पाडतो, आणि खड्ड्याच्या तळाशी ताण एकवटतो. खरी स्थिती या हिशेबापेक्षा वाईटच असते.

लांबी या हिशेबात किती भर घालते? व्यवहारात शून्य. ती पॉलिएस्टर रेझिन आणि टाल्कसारख्या भुकटीचे मिश्रण आहे. पृष्ठभाग सपाट करणे एवढेच तिचे काम. शिवाय ती पाणी शोषते. गंजावर भरलेली लांबी म्हणजे गंजावर ठेवलेले ओले फडके, आणि माझी चूक नेमकी हीच होती.

५. निर्णय: तीन गट

तपासणीनंतर स्कूटरचा कागदावर एक आराखडा काढा आणि प्रत्येक गंजलेल्या जागेला गट द्या.

पहिला गट, वरवरचा गंज: पत्रा पूर्ण जाडीचा, फक्त पृष्ठभाग तपकिरी. घरी घासून, प्रायमर देऊन भागते.

दुसरा गट, खड्ड्यांचा गंज, पण भार न वाहणाऱ्या भागावर: डिकी, पुढचे मडगार्ड, हेडलाइटभोवतीचा भाग. गंज पूर्ण काढा, इपॉक्सी प्रायमर द्या आणि त्यावर पातळ लांबी भरा. लहान भोक असेल तर आतून पत्र्याचा तुकडा झाळून घ्या.

तिसरा गट, भार वाहणाऱ्या भागावर पातळ झालेला किंवा भोक पडलेला पत्रा: फूटबोर्ड, पेडल व स्टँडच्या आसपासची जागा, लेगशील्ड आणि फूटबोर्ड यांचा सांधा, सीटखालचा भाग. इथे कापणे आणि नवा पत्रा जोडणे याशिवाय मार्ग नाही. फायबर चिकटवणे, ॲल्युमिनियमची पट्टी रिव्हेट करणे, लांबी भरणे, यांपैकी काहीही चालणार नाही.

तिसऱ्या गटाचे काम घरी करू नका. आम्ही दुसऱ्या वेळी स्कूटरचा नुसता सांगाडा ठेवला, तो हातगाडीवर घालून गल्लीबाहेर मैदागिनपर्यंत नेला आणि तिथून पुढे कारागिराकडे. पातळ पत्र्याला साधे आर्क वेल्डिंग भोक पाडते. गॅस वेल्डिंग किंवा मिग वेल्डिंगवर हात बसलेला माणूस हवा. त्याला तीन गोष्टी सांगा. कुजलेला भाग चकचकीत धातू लागेपर्यंत कापायचा, कारण गंजलेल्या कडेवर टाका बसत नाही. एका टोकापासून सलग झाळत जायचे नाही, आधी लांब लांब टाके घालायचे आणि मग मधली जागा थोडी थोडी भरायची, नाहीतर उष्णतेने पत्रा वेडावाकडा होतो. आणि कापण्याआधी सांगाड्याला खालून आधार द्यायचा, नाहीतर नवा पत्रा वाकड्या सांगाड्यावरच पक्का होतो.

टाकीबद्दल एक इशारा. भरलेल्या टाकीपेक्षा 'रिकामी' टाकी आगीच्या दृष्टीने जास्त धोक्याची. पेट्रोलची वाफ हवेत जेमतेम दीड टक्का झाली की पेट घेऊ शकते, आणि रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा दोन्ही असतात. टाकीला स्वतः कधीही झाळू नका.

६. गंज काढणे

घासण्यासाठी वायर ब्रश, ८० नंबरचा पेपर आणि नंतर १८० नंबर. ग्राइंडरची दगडी चकती पातळ पत्र्यावर वापरू नका. ती गंजाबरोबर चांगला धातूही खाते. आपण जी जाडी वाचवू पाहतो तीच कमी होते. डोळ्यांवर चष्मा हवाच.

चॅसिस नंबर बॉडीच्या पत्र्यावरच ठोकलेला असतो. घासायला सुरुवात करण्याआधी तो शोधा, फोटो काढा आणि त्यावर मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावा. खाजगी वाहनाची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी होऊन तिचे नूतनीकरण होते. नंबर पुसट झाला तर चांगली स्कूटरही कागदोपत्री अनाथ होते. रंगही नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेला असतो. वेगळा रंग द्यायचा असेल तर परिवहन कार्यालयात नोंद बदलून घ्यावी लागते.

खड्ड्यांच्या तळाशी ब्रश पोचत नाही. तिथे फॉस्फोरिक आम्लावर आधारित 'रस्ट कन्व्हर्टर' वापरतात. लोहाचा ऑक्साइड आणि फॉस्फोरिक आम्ल यांच्यापासून लोहाचा फॉस्फेट आणि पाणी तयार होते. फॉस्फेटचा थर पाण्यात विरघळत नाही आणि पत्र्याला घट्ट चिकटतो. दिल्लीच्या मेहरौलीतला सुमारे १६०० वर्षांचा लोहस्तंभ आठवा. त्याच्या लोहात आजच्या साध्या पोलादाच्या कितीतरी पट फॉस्फरस आहे. या फॉस्फरसमुळेच त्यावर पातळ संरक्षक थर तयार झाला, असे आयआयटी कानपूरचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवले. स्तंभाला ते काम करायला भरपूर काळ मिळाला, आपण ते बाटलीतून तासाभरात थोडेसे करतो.

काही कन्व्हर्टरमध्ये टॅनिक आम्ल असते. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई जुन्या पोथ्यांत वापरत, तीच ही क्रिया: टॅनिन आणि लोह मिळून काळा, स्थिर पदार्थ बनतो.

पण कन्व्हर्टर पातळ, घट्ट बसलेल्या गंजावरच चालतो. सुटणाऱ्या पोपड्यांवर लावला तर वरचा पोपडा काळा होतो आणि खालचा गंज तसाच राहतो. नंतर शिल्लक आम्ल पाण्याने धुऊन पत्रा लगेच पुसा आणि उन्हात किंवा हेअर ड्रायरने पूर्ण वाळवा. आम्ल राहिले तर वरचा इपॉक्सी प्रायमर नीट धरत नाही.

धुळीबद्दल. जुन्या वाहनांच्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांतल्या शिशावर भारतात ९० पीपीएमची मर्यादा आली तीच २०१७ मध्ये. म्हणून जुना रंग कोरडा घासून धूळ उडवू नका. चौकात मुले खेळतात, पापड वाळतात. पत्रा ओला करून घासा, खाली प्लॅस्टिक अंथरा, गाळ डब्यात साठू द्या आणि वाळल्यावर पिशवीत बांधून वेगळा ठेवा. तो मोरीत ओतू नका. आमच्या गल्लीतल्या मोरीचा उतार कुठे जातो हे वेगळे सांगायला नको. ओले घासलेला पत्रा त्याच दिवशी वाळवून प्रायमर द्या. ओल्या हवेत उघडे पोलाद रात्रभरात पुन्हा तांबूस होते.

७. हवा, दव आणि मुहूर्त

रंगाचा मुहूर्त पंचांगात नाही, थर्मामीटरमध्ये असतो. नियम असा: पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त हवे आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी. नाहीतर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर रंगाखाली अडकतो.

आर्द्रता ५० टक्क्यांहून जास्त असताना दवबिंदूचा सोपा अंदाज: १०० मधून आर्द्रता वजा करा, उत्तराला ५ ने भागा आणि ते हवेच्या तापमानातून वजा करा. हवा २५ अंश, आर्द्रता ८० टक्के असेल तर २० भागिले ५ म्हणजे ४, आणि दवबिंदू साधारण २१ अंश. पत्रा किमान २४ अंशांचा हवा. रात्रभर सावलीच्या चौकात उभी असलेली स्कूटर सकाळी सातला २२ अंशांची असू शकते. तीच दुपारी बाराला चालेल.

वाराणसीत जून ते सप्टेंबर पाऊस, जानेवारीत धुके, एप्रिल-मेमध्ये लू आणि धूळ. उरतात दिवाळीच्या आसपासचे आणि होळीच्या आधीचे आठवडे. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळा संपल्यावर पत्रा गोड्या पाण्याने धुऊन मीठ घालवणे ही आणखी एक पायरी धरा.

८. रंगाचे थर

प्रत्येक थराचे काम वेगळे आहे, म्हणून क्रम बदलता येत नाही.

पहिला थर इपॉक्सी प्रायमर, शक्यतो झिंक फॉस्फेटयुक्त. तो पत्र्याला चिकटतो आणि पाणी अडवतो. साधा रेड ऑक्साइड स्वस्त आहे आणि चालतोही, पण तो सच्छिद्र असतो. नुसत्या प्रायमरवर स्कूटर महिनाभर पावसात ठेवाल तर खाली पुन्हा गंज चढेल.

दुसरी लांबी, फक्त गरजेपुरती आणि प्रायमरवर. हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, साधारण २ टक्के. जास्त घातला तर लवकर कडक होते आणि पुढे तडकते. एका वेळी सुपारीएवढीच कालवा, काही मिनिटांत ती घट्ट होते. लांबी कोरडी घासा. पाणी लावून घासली तर ती पाणी पिते. नव्या लांबीत शिसे नसते, पण बारीक धूळ असतेच, तेव्हा तोंडावर मास्क हवा.

तिसरा सरफेसर. लांबीची छिद्रे आणि पेपरचे ओरखडे भरतो. यावर ४०० आणि मग ६०० नंबरचा पेपर पाण्याबरोबर चालतो.

चौथा रंग. घरासाठी दोन पर्याय: सिंथेटिक इनॅमल किंवा एन.सी., म्हणजे नायट्रोसेल्युलोज. एन.सी. नुसता थिनर उडून वाळतो, म्हणून लवकर वाळतो, पण पेट्रोल सांडले तर डाग पडतो. इनॅमल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतो, त्याला पूर्ण दिवस लागतो, पण तो जास्त चिवट. इनॅमलवर एन.सी. कधीही देऊ नका. एन.सी. थिनर खालचा थर उचलतो आणि रंगाला सुरकुत्या पडतात. जुना रंग कोणता आहे हे कळत नसेल तर फडक्यावर एन.सी. थिनर घेऊन कोपऱ्यात घासा. रंग सहज विरघळून फडक्याला लागला तर तो एन.सी. आहे.

रंग किती लागेल? समजा रंगवायचे क्षेत्रफळ ४ चौरस मीटर, वाळलेला थर ४० मायक्रॉन हवा आणि रंगात घन भाग घनफळाच्या ४० टक्के आहे. वाळलेल्या थराचे घनफळ ०.१६ लिटर. त्याला ०.४० ने भागले की ०.४ लिटर ओला रंग. गनने मारताना निम्मा रंग हवेत जातो असे धरले तर ०.८ लिटर. हा रंग दोन-तीन पातळ हातांत द्या. एकाच जाड हातात दिला तर ओघळ येतात.

शोरूमसारखी चकाकी टू-पॅक पीयू रंगाने येते. तो घरच्या चौकात गनने मारू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांच्या फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा संवेदनशीलता आली की अगदी कमी मात्राही त्रास देते. नाकाला रुमाल किंवा धुळीचा मास्क इथे निरुपयोगी. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा आणि वेगळी खोली लागते. चार बाजूंनी खोल्या असलेल्या चौकात तो फवारा तुमच्या आजीच्या खोलीतही जातो. असा रंग हवाच असेल तर ते काम पेंट बूथ असलेल्या ठिकाणी द्या.

इनॅमल आणि एन.सी. साठीही सेंद्रिय वाफा शोषणारे कार्ट्रिज असलेला मास्क आणि हातमोजे वापरा. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. फवारणीच्या वेळी आणि वास जाईपर्यंत स्वयंपाकघरातला गॅस बंद, आणि तुळशीपुढचा दिवाही नाही. काम दुपारी तीनपर्यंत संपवा, म्हणजे दिवेलागणीपर्यंत चौक मोकळा होतो. हे घरातल्या सगळ्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

९. न दिसणारी बाजू

फूटबोर्डाखाली आणि लेगशील्डच्या आत रंग पोचत नाही, आणि गंज तिथूनच सुरू होतो. निचऱ्याची भोके तारेने मोकळी करा. नव्या पत्र्याच्या सांध्यावर आतून प्रायमर आणि सीम सीलंट द्या. खालच्या बाजूला अँटी-रस्ट कोटिंग द्यायचे ते स्वच्छ, प्रायमर दिलेल्या पत्र्यावरच. गंजावर डांबरी थर दिला तर तो लांबीचेच काम करतो. रिव्हेटच्या भोकांच्या कडांना ब्रशने प्रायमर लावा. रबरी पट्ट्या पुन्हा बसवल्यावर दर पावसाळ्यानंतर एकदा काढून खाली पाहा.

जोडणी झाल्यावर स्कूटर स्टँडवर उभी करून ब्रेकचे पेडल पूर्ण जोराने दहा वेळा दाबा आणि दुसऱ्याला फूटबोर्डाकडे पाहायला सांगा. पत्रा जराही हलला तर स्कूटर गल्लीत नेऊ नका.

सारांश

गंज हवा कमी आणि ओल जास्त अशा फटींत खोल जातो. मोनोकॉक वाहनात पत्रा हाच सांगाडा असतो, म्हणून आधी उरलेली जाडी मोजायची आणि मग गट ठरवायचा. जाडी अर्धी झाली की वाकण्याची ताकद एक चतुर्थांश आणि दृढता एक अष्टमांश उरते. लांबी आकार देते, ताकद देत नाही. बाबांच्या चेतकला दुसऱ्या वेळी दिलेला रंग पहिल्याइतका चकचकीत नाही, एका डिकीवर ओघळसुद्धा आहे. पण पेडलखालचा पत्रा पूर्ण जाडीचा आहे, आणि ते मी मोजलेले आहे.

स्वाध्याय

१. एका फूटबोर्डाची मूळ जाडी १.२ मि.मी. असून ०.९ मि.मी. उरली आहे. वाकण्याची ताकद आणि दृढता किती टक्के उरली? ही जागा स्टँडजवळ असेल तर तुम्ही काय ठरवाल, आणि का?

२. हवेचे तापमान ३० अंश आणि आर्द्रता ७५ टक्के आहे. दवबिंदूचा अंदाज काढा. पत्रा २७ अंशांचा असताना प्रायमर द्यावा का?

३. थेंबाच्या प्रयोगात मध्यभागी निळा रंग का येतो? याच कारणाने तुमच्या घरच्या वाहनावर गंज चढू शकेल अशा तीन जागा शोधा आणि त्यांचे फोटो वर्गात दाखवा.

४. वापरलेली स्कूटर विकत घ्यायला तुम्ही मित्राबरोबर गेला आहात. तुमच्याकडे फक्त एक चुंबक आणि एक दाभण आहे. कोणत्या पाच जागा, कोणत्या क्रमाने तपासाल?